दमा: उजाडायची वाट बघायची की आत्ताच निघायचं?

आमच्या घरी दम्याच्या रात्रीचं एक वाक्य ठरलेलं होतं. "उजाडू दे, मग बघू." आई पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून, मांडीवर उशी घेऊन पुढे झुकून बसलेली. छातीतली सूंसूं शेजारच्या खोलीत ऐकू येतेय आणि घड्याळात अडीच वाजलेत. एवढ्या रात्री डॉक्टरांना कशाला उठवायचं, रिक्षा कुठे मिळणार, मागच्या वेळी सकाळपर्यंत उतरलंच होतं की. बहुतेक वेळा उतरायचंच. एकदा नाही उतरलं. सकाळी ६ वाजता तिला उचलून नेलं तेव्हा ती आमच्या प्रश्नांना उत्तरं देत नव्हती. ती वाचली. पण कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी विचारलं, "पंपाचा उपयोग होईनासा कधी झाला?" आम्ही सांगितलं, "३ वाजता." त्यावर ते फक्त म्हणाले, "मग ३ वाजताच निघायचं."

हा लेख त्या उत्तराभोवती आहे. मी डॉक्टर नाही. दमेकरी माणसाच्या घरात वाढलो आणि हळूहळू काही गोष्टी विचारून, लिहून ठेवून शिकलो. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला वेगळं काही लिहून दिलं असेल, तर ते आधी आणि हे नंतर.

दम्याचा जोर पहाटे वाढतो. आपल्या श्वासनळ्या चोवीस तासांत सगळ्यात अरुंद होतात त्या साधारण पहाटे ३-४च्या सुमारास, निरोगी माणसाच्यासुद्धा. दमेकऱ्यात हा फरक फार मोठा असतो. म्हणजे उजाडायची वाट बघणं याचा अर्थ नेमके सगळ्यात वाईट तास घरी काढणं. जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंतला भारताचा वाटा ४० टक्क्यांच्या वर जातो, असा जागतिक आजारभाराचा अंदाज सांगतो. आपला दमा काही जगावेगळा नाही. रोजचं औषध घेतलं जात नाही आणि निघायला उशीर होतो, ही त्यामागची दोन मोठी कारणं.

उशीर का होतो? कारण आपण विचारतो, "कसं वाटतंय?" हा प्रश्नच चुकीचा. जुन्या दमेकऱ्याला अरुंद नळ्यांची सवय झालेली असते. निम्मा श्वास बंद झाला तरी तो "थोडं जड वाटतंय" म्हणतो. शिवाय घरच्यांची झोपमोड होतेय म्हणून तो खोटंही बोलतो. विचारायच्या गोष्टी दोनच: त्याला आत्ता काय करता येत नाहीये, आणि पंपाने किती तास दिले.

दिवसाढवळ्या करून ठेवायची कामं

रात्री अडीचला कुणालाही नीट ठरवता येत नाही. म्हणून ठरवायचं ते एखाद्या रविवारी दुपारी.

आधी घरातले पंप टेबलावर काढा. कोणता कशासाठी हे घरातल्या प्रत्येकाला, आजीपासून दहा वर्षांच्या नातवापर्यंत, माहीत हवं. साल्बुटामॉल किंवा लेव्होसाल्बुटामॉलचा पंप (अस्थालिन, लेव्होलिन ही ओळखीची नावं) पाच-दहा मिनिटांत नळ्या सैल करतो. तो अडचणीच्या वेळचा. बुडेसोनाइडसारखा स्टेरॉइडचा पंप सूज कमी करतो, पण दिवसांच्या हिशेबाने, तो रोजचा. फोराकोर्टसारख्या पंपात बुडेसोनाइडबरोबर फॉर्मोटेरॉल असतं. काही डॉक्टर हाच पंप रोजचा आणि अडचणीचा असा दोन्हीसाठी देतात, मात्र त्याच्या फवाऱ्यांचा हिशेब वेगळा असतो. सेरोफ्लोसारख्या पंपातलं साल्मेटेरॉल सावकाश चालतं, त्यामुळे दम उठल्यावर त्याचा उपयोग नाही. टोपणाच्या रंगावर विसंबू नका, कंपनीगणिक रंग बदलतात. चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरात लिहा: "रोजचा", "अडचणीचा".

पंपात फवारे किती उरलेत ते बघा. साल्बुटामॉलच्या डबीत साधारण २०० फवारे असतात. आकडा दाखवणारी खिडकी नसेल तर सुरू केल्याची तारीख डबीवर लिहा. पाण्यात तरंगतो की बुडतो हे बघायची जुनी युक्ती सोडून द्या, ती चुकीचं सांगते. औषध संपलं तरी नुसता वायू फुसफुसत राहतो आणि आपल्याला वाटतं, पंप चालू आहे.

स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसवायची प्लास्टिकची पोकळ नळी, हवाच. पंप थेट तोंडात मारला की बरंचसं औषध घशावर आपटून तिथेच राहतं. गावात स्पेसर मिळाला नाही तर ५०० मिलीची प्लास्टिकची पाण्याची बाटली घ्या, बुडाला पंपाचं तोंड घट्ट बसेल एवढंच भोक पाडा, आणि बाटलीच्या तोंडाने श्वास घ्या. हसू नका. दक्षिण आफ्रिकेत मुलांवर याचा नीट अभ्यास झालाय आणि बाटली विकतच्या स्पेसरच्या बरोबरीने चालली. कॅप्सूल घालून ओढायचं रोटाहेलर वापरत असाल तर एक लक्षात घ्या: ते चालायला जोरात श्वास ओढावा लागतो, आणि भरात आलेल्या दम्यात नेमका तोच जोर नसतो. अडचणीसाठी एक साधा फवाऱ्याचा पंप आणि स्पेसर वेगळा ठेवा.

पीक फ्लो मीटर म्हणजे फुंकर मोजायची नळी. काही शे रुपयांना मिळते. तब्येत चांगली असताना दोन आठवडे रोज फुंकून सगळ्यात मोठा आकडा लिहून ठेवायचा. समजा तो ४०० आला. मग ३२०च्या वर (८० टक्के) निवांत, ३२० ते २०० सावध, आणि २००च्या खाली (५० टक्के) सरळ रुग्णालय. "मला काही होत नाहीये" म्हणणाऱ्या माणसापुढे हा आकडा ठेवला की वाद संपतो.

शेवटचं काम कंटाळवाणं आहे पण त्यानेच अर्धा तास वाचतो. रात्री ऑक्सिजन, नेब्युलायझर (औषधाचं बारीक तुषारांत रूपांतर करून श्वासातून देणारं यंत्र) आणि डॉक्टर तिन्ही असलेलं सगळ्यात जवळचं ठिकाण कोणतं, ते दिवसा जाऊन विचारा. प्राथमिक आरोग्य केंद्र ५ किलोमीटरवर असेल आणि रात्री तिथे डॉक्टर नसतील, तर १५ किलोमीटरवरचं ग्रामीण रुग्णालयच जवळचं. गल्लीतल्या गाडीवाल्याचा नंबर घ्या आणि त्याला आधीच विचारून ठेवा, "रात्री उठवलं तर चालेल ना?"

पहिली दोन मिनिटं: काय बघायचं

दिवा लावा. अंधारात ओठांचा रंग दिसत नाही. रुग्णाला ताठ बसवा, पुढे झुकून हात गुडघ्यावर किंवा टेबलावर टेकवू द्या. आडवं करू नका. पंप हाताशी घ्या आणि तो देता देता बघा.

बोलायला लावा. "तुझं पूर्ण नाव आणि गाव सांग." एका दमात सगळं वाक्य आलं तर हाताशी वेळ आहे. दोन-तीन शब्दांनंतर थांबावं लागत असेल तर दमा तीव्र आहे. एकेक शब्द येत असेल, किंवा नुसती मान हलवत असेल, तर पंप चालू ठेवून त्याच क्षणी १०८ लावा.

मग सदरा वर करा. लाजायची वेळ नाही. श्वास घेताना गळ्याच्या खालचा खळगा, बरगड्यांमधली जागा आत ओढली जातेय का? खांदे वर-खाली होतायत का? एका मिनिटात श्वास किती ते मोजा. मोठ्या माणसात २५च्या वर म्हणजे तीव्र. नाडी ११०च्या वर असेल तर तीही त्याच बाजूची खूण, फक्त पंपामुळेही धडधड वाढते हे लक्षात ठेवा.

आता आवाज. इथे बहुतेकजण फसतात. आम्हीही फसलो होतो. छातीतली शिट्टी थांबली म्हणजे बरं वाटलं असं नाही. शिट्टी वाजायला हवा आत-बाहेर जावी लागते. नळ्या इतक्या आवळल्या की हवाच फिरेनाशी होते, तेव्हा छाती गप्प होते. रुग्ण अजून धडपडतोय, घामाघूम आहे, बोलत नाही आणि आवाज मात्र गेलाय, हे दम्यातलं सगळ्यात भयंकर चित्र. आई पहाटे साडेपाचला "शांत झाली" असं वाटून माझा डोळा लागला होता.

ओठ, जीभ किंवा नखं निळसर-राखाडी दिसणं, पेंग येणं, बरळणं, विचारलेलं न कळणं, दमून श्वासच मंद होत जाणं: यातलं एक जरी दिसलं तरी पुढचं काही वाचू नका, १०८. आपल्या सावळ्या कातडीवर निळेपणा उशिरा कळतो, म्हणून ओठांच्या आतली बाजू आणि जीभ बघा.

आणखी एक प्रसंग वेगळा ठेवा. काही खाल्ल्यावर, औषध घेतल्यावर किंवा मधमाशी चावल्यावर काही मिनिटांत दम लागला, अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, चक्कर आली, तर तो साधा दमा नाही. ती तीव्र ॲलर्जी आहे, तिला ॲड्रिनलिनचं इंजेक्शन लागतं. पंप द्या, पण त्याच्या परिणामाची वाट बघत बसू नका.

पंप आणि घड्याळ

वेळ लिहा. खरोखरच लिहा, हातावर लिहिलं तरी चालेल: "२.४०, पहिला फवारा".

पंप चार-पाचदा हलवा, स्पेसरला लावा, एक फवारा मारा, स्पेसरमधून सावकाश ४-५ श्वास घेऊ द्या. मग पंप पुन्हा हलवून दुसरा. एकदम चार फवारे मारून एकच श्वास घेतला तर औषध स्पेसरच्या भिंतींना चिकटून वाया जातं. असे ४ फवारे झाले की ४ मिनिटं थांबा. उतरलं नाही तर आणखी ४. हात थरथरतील, छाती धडधडेल. हा औषधाचा नेहमीचा परिणाम आहे, तेवढ्यासाठी थांबू नका.

८ फवाऱ्यांनंतरही फरक नसेल किंवा आधीपेक्षा वाढलं असेल, तर १०८ लावा किंवा गाडी काढा. मदत येईपर्यंत फवारे चालूच ठेवायचे. गाडीत बसल्यावर पंप खिशात टाकणारे पुष्कळ बघितलेत. "आता दवाखान्यातच बघतील" म्हणतात. वाटेतला अर्धा तास पंप हाच दवाखाना.

थोडं उतरलं, पण पूर्ण नाही, तर? २० मिनिटांनी पुन्हा बघा. गरज पडली तर पुन्हा ४ द्या. असं तासभर करता येतं. तासाभरात बोलणं, चालणं आणि फुंकरीचा आकडा नेहमीच्या जवळ आला नाही, तर निघायचं. घड्याळात किती वाजलेत याचा त्याच्याशी संबंध नाही.

आणि छान उतरलं, तर झोपू द्या, पण वेळ विसरू नका. पंपाचा परिणाम साधारण ४ तास टिकायला हवा. २.४०ला घेतला आणि ४.३०ला पुन्हा लागला, याचा अर्थ नळ्यांच्या आतली सूज वाढतेय आणि पंप फक्त वरवरचं आवळणं सोडवतोय. सूज पंपाने जात नाही, तिला स्टेरॉइडच्या गोळ्या लागतात आणि त्यांचा परिणाम दिसायला काही तास जातात. म्हणून ४ तासांच्या आत दुसऱ्यांदा पंप लागला की डॉक्टर त्याच रात्री. या ४ तासांच्या हिशेबाने आमच्या घरातले निम्मे वाद मिटवले.

फोराकोर्टसारखा फॉर्मोटेरॉलचा पंपच अडचणीसाठी दिला असेल, तर वरचा चार-चारचा हिशेब त्याला लावू नका. त्यात एकेक फवारा, मध्ये काही मिनिटं, एका वेळी ६च्या वर नाही आणि मोठ्या माणसाला दिवसभरात सगळे मिळून १२ अशी नेहमीची मर्यादा आहे. तुमचा आकडा डॉक्टरांच्या हाताने लिहून घ्या. मर्यादा गाठली आणि दम आहेच, तर निघा.

घरचं नेब्युलायझर सोयीचं आहे, पण मला त्याची थोडी भीती वाटते. वाफेसारखं काहीतरी दिसतं, मशीन घुरघुरतं, घरात दवाखाना आल्यासारखा धीर येतो आणि लोक रात्रभर एकामागून एक नेब घेत बसतात. घड्याळाचा नियम त्यालाही तोच.

रुग्णाला झोपेची गोळी देऊ नका, "जरा शांत पडेल" म्हणून तर नाहीच. दम्यात ती श्वासच मंदावू शकते. पातेल्यातली गरम वाफ, ओव्याची धुरी, कापूर यांनी नळ्या उघडत नाहीत. धुराने उलट आणखी आवळतात, आणि धडपडणाऱ्या मुलाच्या अंगावर उकळतं पाणी सांडल्याचे प्रसंग घडतात.

ऑक्सिमीटरने फसू नका

करोनाच्या काळात घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले. आता ते दम्याच्या रात्री कपाटातून निघतात. "९६ दाखवतंय, मग काय घाबरायचं?"

दम्याच्या सुरुवातीला माणूस जोरजोरात श्वास घेऊन ऑक्सिजन टिकवून धरतो. त्यासाठी छातीचे स्नायू किती राबतायत, हे यंत्राला दिसत नाही. ते थकले की आकडा घसरतो, आणि मग वेगाने. म्हणून हे यंत्र एकाच बाजूने वाचा: आकडा कमी आला तर विश्वास ठेवा, चांगला आला तर बोलणं आणि छाती बघा. ९२च्या खाली म्हणजे रुग्णवाहिका. ९२ ते ९४ असेल आणि पंपानंतरही वर सरकत नसेल तर रुग्णालय. बोट थंड असेल, नखाला रंग किंवा गडद मेंदी असेल तर आकडा बिनभरवशाचा. गडद त्वचेवर ही यंत्रं खऱ्यापेक्षा थोडा जास्तच आकडा दाखवतात.

लहान मूल असेल तर

मूल "दम लागतोय" म्हणत नाही. ते खेळायचं थांबतं, कडेवरून उतरत नाही, दूध ओढताना सोडून देतं, पोट दुखतंय म्हणतं. आपल्याकडच्या आया म्हणतात ते "पोट उडतंय" हे अगदी नेमकं वर्णन आहे. पोट उडणं, बरगड्यांखाली खड्डा पडणं, नाकपुड्या फुलणं, श्वास सोडताना कण्हणं: यातलं काही दिसलं तर रात्र काढायची नाही.

श्वास मोजायचा तो मूल रडत नसताना, पूर्ण एक मिनिट. १ ते ५ वर्षांत मिनिटाला ४०च्या वर आणि ५ वर्षांपुढे ३०च्या वर म्हणजे रुग्णालय. वर्षाच्या आतल्या बाळाला धाप लागली तर घरी दमा समजून काहीही करू नका, थेट बालरोगतज्ज्ञ. ५ वर्षांखालच्या मुलाला सहसा २ फवाऱ्यांपासून सुरुवात करतात, मास्क लावलेल्या स्पेसरने. पुढे किती द्यायचे ते आधीच लिहून घेतलेलं असावं.

रांगत्या-चालत्या मुलात अचानक, सर्दी-ताप काही नसताना, खेळता खेळता ठसका लागून घरघर सुरू झाली, तर शेंगदाणा, फुटाणा किंवा सीताफळाची बी नळीत अडकली असू शकते. पंपाने ती निघत नाही. डॉक्टरांना "काय खात होता" हे आधी सांगा.

मेळघाटासारख्या भागातून बाळाच्या पोटावर डागण्या दिल्याच्या बातम्या अजून येतात. धाप लागलेल्या बाळाला त्या चटक्यांनी काय मिळतं, तर जखम आणि हातचे गेलेले काही तास.

दमा नसेलच तर

पन्नाशी-साठीनंतर पहिल्यांदाच रात्री धाप लागून उठणं म्हणजे हृदयाचं दुखणं असू शकतं. आडवं झालं की दम वाढतो, पाय सुजतात, फेसाळ थुंकी येते. छातीवर दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम असेल तर पंप मारत बसू नका. वर्षानुवर्षं चूल फुंकलेल्या किंवा बिडी ओढलेल्या माणसाची धाप सीओपीडीची (धुराने फुप्फुसं कायमची खराब होण्याच्या आजाराची) असू शकते, तिला घरात सगळे दमाच म्हणतात. आणि २ आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकीची तपासणी करून घ्या; क्षयरोगाची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत आहे.

गरोदर बाईने बाळाच्या काळजीने पंप बंद करू नये. आईचा ऑक्सिजन घसरला तर बाळाचाही घसरतो. तिच्या बाबतीत वरचे सगळे उंबरठे एक पायरी अलीकडे आणा: शंका आली की निघा. ज्याला पूर्वी कधी व्हेंटिलेटरवर ठेवलं होतं, जो गेल्या वर्षभरात दम्याने दाखल झाला होता किंवा ज्याने नुकत्याच स्टेरॉइडच्या गोळ्या थांबवल्यात, त्यालाही हेच.

निघताना

महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ ही रुग्णवाहिका मोफत आहे. ११२ लावलं तरी मदत मिळते. फोनवर "पेशंट सीरियस आहे" एवढंच सांगू नका. "दम्याचा रुग्ण, वय ६२, एक शब्दही नीट बोलता येत नाही, ८ फवारे दिले, फरक नाही" असं सांगा. पत्ता सांगताना देऊळ, पाण्याची टाकी, शाळा अशी खूण द्या, आणि एकाला टॉर्च घेऊन डांबरी रस्त्यावर उभं करा. गाडी यायला फार वेळ लागणार असं कळलं तर खाजगी वाहनाने निघा. दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका, वाटेत शुद्ध हरपली तर सावरता येत नाही. रुग्णाने स्वतः गाडी चालवायची नाही, कितीही म्हणाला तरी.

नाडी, बेल्ट, ब्लाउजची हुकं सैल करा. गर्दी हटवा. सोबत घ्यायचं एवढंच: सगळे पंप, स्पेसर, जुनी फाइल, आणि वेळा लिहिलेला तो कागद. पोहोचल्यावर पहिलं वाक्य: किती वाजल्यापासून, किती फवारे, ॲलर्जी कशाची. दुखण्याची एखादी गोळी घेऊन दमा उठला असेल तर आवर्जून सांगा. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या काही दमेकऱ्यांना चालत नाहीत. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि काचबिंदूचे काही थेंबही नळ्या आवळतात.

रात्रीची धावपळ नाही, पण डॉक्टर हवेत

बहुतेक मोठे झटके एका रात्रीत येत नाहीत, ते आठवडाभर दारात उभे असतात. गेल्या ४ आठवड्यांबद्दल स्वतःला विचारा. आठवड्यात दोनपेक्षा जास्त दिवस दिवसा त्रास झाला का? अडचणीचा पंप आठवड्यात दोनदापेक्षा जास्त लागला का? दम्याने एकदा तरी रात्री जाग आली का? जिना, मंडईची पिशवी, मुलांबरोबरचा खेळ, काही टाळलं का? एका "हो"वर येत्या काही दिवसांतली अपॉइंटमेंट घ्या. तीन-चार "हो" असतील, किंवा सर्दीतापाबरोबर पंपाची गरज रोज वाढत असेल, फुंकरीचा आकडा ८० टक्क्यांच्या खाली उतरत असेल, तर डॉक्टरांना त्याच दिवशी भेटा.

वर्षाला अडचणीच्या पंपाच्या ३ किंवा अधिक डब्या संपत असतील तर पुढच्या झटक्याचा धोका वाढलेला आहे. महिन्याला एक संपत असेल तर जिवालाच धोका. औषधवाल्याकडून नेमाने अस्थालिन आणून "माझा दमा कंट्रोलमध्ये आहे" म्हणणारे काका प्रत्येक घरात एक तरी असतात. नुसत्या अस्थालिनवर दमा ठेवू नये, असं जागतिक मार्गदर्शिका २०१९पासून स्पष्ट सांगतात.

रोजचा पंप सुटतो तो बहुधा "स्टेरॉइड" या शब्दाला भिऊन. हिशेब करा: ५ मिलिग्रॅमच्या एका प्रेडनिसोलोन गोळीत ५००० मायक्रोग्रॅम औषध, बुडेसोनाइडच्या एका फवाऱ्यात २००, तेही थेट छातीत. दोन्ही औषधं वेगळी आहेत, तरी आकड्यातला फरक बोलका आहे. फवाऱ्यानंतर खळखळून चूळ भरली की तोंड येण्याचा त्रासही टळतो.

कोजागरीला दुधातून दम्याचं औषध घ्यायला लोक रात्रभर रांगेत बसतात, मृगाला हैदराबादला मासा गिळायला जातात. श्रद्धेवर मी बोलत नाही. पण कोजागरीच्या थंड हवेत, गर्दीत, उघड्यावर जागरण करायचं तर पंप खिशात ठेवा, आणि आल्यावर रोजचा बंद करू नका.

डॉक्टरांकडे जायचे मोसमही ठरलेले आहेत. जूनमध्ये शाळा सुरू होताना मुलांच्या सर्दीची साथ, पावसाळ्यात कोकणातल्या नि मुंबईतल्या ओल्या भिंतींवरची बुरशी, गणपतीतला धूप, दिवाळीचे फटाके, मळणीची धूळ, उसाचं पाचट जाळल्याचा धूर. तुमचा मोसम ओळखा आणि त्याच्या पंधरा दिवस आधी भेटून या.

घरी परतल्यावर

नेब, ऑक्सिजन आणि गोळ्यांनी बरं वाटलं की घरी सोडतात. सूज मात्र अजून असते. दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, मोठ्यांना सहसा ५ ते ७ दिवस आणि मुलांना ३ ते ५, पूर्ण घ्या. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून बंद करू नका. दोन-तीन दिवसांत नेहमीच्या डॉक्टरांना भेटा. या भेटीत फक्त औषध बदलून घेऊ नका. त्यांच्यासमोर पंप मारून दाखवा. आई अकरा वर्षं पंप न हलवताच घेत होती, हे अशाच एका भेटीत कळलं. आणि अडचणीच्या वेळी काय करायचं, किती फवारे, कोणत्या आकड्याला निघायचं, हे त्यांच्या हस्ताक्षरात एका कागदावर मागून घ्या.

आमचा तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. शेजारी भिंतीवरचं कॅलेंडर. रात्री पंप लागला की आई त्या तारखेवर पेनाने एक ठिपका देते. गेल्या फेब्रुवारीत एका आठवड्यात चार ठिपके पडले. मी ते बघायच्या आधीच तिचा फोन आला, "उद्या दुपारची वेळ घे डॉक्टरांची. संध्याकाळी त्यांच्याकडे फार गर्दी असते."